भाटकार पर्ल, मुंडकार पायथॉन: ओपनक्यूएवर सहा महिने टेस्ट लिहिल्यानंतर

आधीच सांगून टाकतो, मी पर्लवाला नाही. पर्ल ही प्रोग्रॅमिंगची भाषा मी शेवटची बघितली ती कॉलेजात असताना, कुणाच्या तरी जुन्या सीजीआय स्क्रिप्टमध्ये, आणि तेव्हाच ठरवलं होतं की हे आपल्या वाटेला नको. त्यामुळे ओपनक्यूएचा, म्हणजे स्क्रीन बघून आपोआप टेस्ट करणाऱ्या हत्याराचा, हा रिव्ह्यू पायथॉन येणाऱ्या आणि पर्लपासून चार हात लांब राहणाऱ्या माणसाचा आहे असं समजून वाचा. पर्लवाले दादा लोक वाचत असतील तर हसा खुशाल, शिव्या तेवढ्या नको.

आमचं गोव्यात पर्वरीला पाच जणांचं छोटंसं दुकान आहे, दुकान म्हणजे सॉफ्टवेअरचंच. काजू कारखान्यांना लागणारं वजन आणि पॅकिंगचं पॅनल आम्ही बनवतो. टचस्क्रीनवाला एक पीसी, त्यात आमची लिनक्स इमेज, मशीन चालू केलं की थेट आमचं ॲप उघडतं, ऑपरेटर भाषा निवडतो, मग ग्रेड निवडतो, डब्ल्यू-१८०, डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० असे, हे आकडे म्हणजे एका पौंडात साधारण किती काजूगर बसतात ते, आकडा जितका लहान तितका गर मोठा आणि तितकाच महाग. पिशवी काट्यावर ठेवायची, लेबल छापून येतं, झालं. दिसायला एवढंसंच, पण प्रत्येक बिल्डला हे सगळं हाताने तपासायचं म्हणजे दोघांचा अख्खा शुक्रवार. पेनड्राइव्ह घाला, इन्स्टॉल करा, तीन भाषा, सात ग्रेड, पासवर्ड चुकवून बघा, मध्येच वीज घालवून बघा. तिसऱ्या तासाला माणूस स्क्रीनकडे बघतो पण त्याला काही दिसत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव. एकदा तर लेबलवर ग्रेडच छापला जात नव्हता आणि आम्ही दोघांनीही शीटवर बरोबरची खूण करून टाकली होती. गिऱ्हाइकाने फोन केला तेव्हा कळलं.

मग शोधताना ओपनक्यूए सापडलं. हे मूळ ओपनसुसेवाल्यांचं, ते त्यांची डिस्ट्रो, म्हणजे त्यांचं लिनक्स, यावरच तपासतात, फेडोरा आणि क्युब्स ओएसवालेही वापरतात, फुकट आहे, जीपीएल लायसन्स. याची खुबी अशी की हे कोड तपासत नाही, स्क्रीन बघतं. क्यूईएमयूमध्ये, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमध्ये, तुमची इमेज बूट करतं, व्हीएनसीमधून, म्हणजे लांबून, तिची स्क्रीन बघतं, कळा दाबतं, माउस हलवतं, आणि पुढे काय दिसायला हवं त्याचं चित्र आपण आधीच देऊन ठेवलेलं असतं त्याच्याशी ओपनसीव्ही ही चित्रं ओळखणारी लायब्ररी वापरून ताडून बघतं. त्या चित्राला हे लोक नीडल म्हणतात, सुई. एक पीएनजी आणि सोबत एक जेसॉन फाइल, जेसॉनमध्ये चित्रातला कुठला चौकोन जुळायला हवा ते लिहिलेलं. तंतोतंत जुळावं असंही नाही, काही सांगितलं नाही तर ९६ टक्के जुळलं की पास. थोडक्यात शुक्रवारी आम्ही दोघं जे करायचो तेच, फक्त याला कंटाळा येत नाही.

इथपर्यंत झकास. आता भानगड. हे सगळं पर्लमध्ये आहे. वेब भाग मोजोलिशस या पर्लच्या फ्रेमवर्कवर, खालचं इंजिन, ज्याचं नाव ओएस-ऑटोइन्स्ट, तेही पर्ल, आणि टेस्ट मॉड्यूलही डॉट पीएम, म्हणजे पर्लच्याच फाइली. १९८७ सालची भाषा, आणि आमच्या ऑफिसात १९९५ च्या आधी जन्मलेला मी एकटाच. आमची ज्युनिअर, साखळी गावची मुलगी, पायथॉनमध्ये एकदम तयार, तिने उदाहरणाची पहिली फाइल उघडली आणि विचारलं, सर हे डॉलर, हे ॲट, हे टक्के, यातलं कोण कोण आहे? मी म्हटलं फाल्यां, म्हणजे उद्या, बघूया.

तर फाल्यां बघितलं आणि कळलं की टेस्ट मॉड्यूल पायथॉनमध्येही लिहिता येतं. वेगळं काही बसवायचं नाही फारसं, इनलाइन पायथॉन नावाचं पर्लचं मॉड्यूल लागतं, ते असलं की टेस्टच्या फोल्डरात डॉट पीएमच्या शेजारी डॉट पीवाय फाइल ठेवायची आणि लोडटेस्टला तिचं नाव द्यायचं. आमच्याकडे दोन्ही प्रकारच्या फाइली एकाच रनमध्ये एकामागून एक चालतात, वेबवर दिसतानाही सारख्याच दिसतात. मला वाटलं होतं मध्ये सॉकेट वगैरे असेल, दुसरी प्रोसेस असेल, तसं काही नाही. पर्लच्याच प्रोसेसच्या पोटात पायथॉनचा इंटरप्रिटर चालतो. गोव्याच्या माणसाला एका वाक्यात सांगायचं तर भाट, म्हणजे बागायतीची जमीन, पर्लचं आहे, पर्ल भाटकार म्हणजे जमीनमालक, आणि पायथॉन त्या जमिनीत घर करून राहणारा मुंडकार आहे. राहायला घर आहे, कुणी उठवणार नाही, पण विहीर आणि माड कुणाचे ते विसरायचं नाही. पुढचे सगळे घोळ मी हे विसरल्यामुळेच झाले.

पहिलं मॉड्यूल कसं होतं ते सांगतो. वरती टेस्टएपीआय या ओपनक्यूएच्या फंक्शनांच्या संचातून सगळं इम्पोर्ट, खाली डेफ रन, आत सेल्फ. मग असर्ट_स्क्रीन, त्याला टॅगचं नाव भाषा-निवड आणि १२० सेकंद, कारण आमची इमेज पहिल्यांदा बूट होताना पार्टिशन वाढवते आणि काही न सांगितल्यास तो ३० सेकंदच थांबतो. मग असर्ट_अँड_क्लिक मराठी, मग टाइप_स्ट्रिंगने ऑपरेटरचा पिन, सेंड_की रिटर्न, आणि शेवटी असर्ट_स्क्रीन ग्रेड-यादी. त्याखाली टेस्ट_फ्लॅग्ज नावाचं फंक्शन, ते एक डिक्शनरी परत करतं, फेटल बरोबर १, म्हणजे हे मॉड्यूल पडलं तर पुढचं काही चालवू नको. एवढंच. ज्युनिअरने हे वीस मिनिटांत लिहिलं, मी पर्लमधलं तेच मॉड्यूल वाचायला तेवढाच वेळ घेतला असता. लिहायच्या बाबतीत मी पाचपैकी पाच देईन, शब्दच नाही.

पिकायच्या आधीच कापलेल्या फणसासारखं झालं पुढे. दुसऱ्या आठवड्यात तिने एक मॉड्यूल लिहिलं, इन्स्टॉल झाल्यावर अमुक एक कॉन्फिग फाइल जागेवर आहे का बघणारं. पायथॉन येतं म्हणताना तिने सरळ ओएस डॉट पाथ डॉट एक्झिस्ट्स लिहिलं. टेस्ट पास. हिरवीगार. रोज रात्री हिरवी. तीन आठवड्यांनी मी त्या फाइलचं नाव मुद्दाम बदललं, दुसरंच काहीतरी तपासायला, आणि रात्रीचा रन बघतो तर ही टेस्ट अजून हिरवीच. डोकं खाजवत बसलो. मग ट्यूब पेटली, हा पायथॉन वर्करवर, म्हणजे टेस्ट चालवणाऱ्या मशीनवर चालतोय, पॅनलच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये नाही! आमचा वर्कर म्हणजे ऑफिसातली जुनी डेव्हलपमेंट मशीन, त्यावर तीच फाइल त्याच पाथला होती, त्यामुळे ओएस डॉट पाथने आमच्याच मशीनवर बघून हो म्हणून सांगितलं. पर्लमध्ये लिहिलं असतं तरी हेच झालं असतं, मान्य, पण पर्ल कुणाला येतच नसल्यामुळे त्यात माणूस असर्ट_स्क्रिप्ट_रन हे पॅनलच्या मशीनवर कमांड चालवणारं फंक्शनच शोधतो, पायथॉनमध्ये हात आपोआप ओळखीच्या गोष्टीकडे जातो. ओळखीची भाषा इथे जरा गोत्यात आणते.

आणि असर्ट_स्क्रिप्ट_रन आत काय करतं ते समजून घेतलंत तर पुन्हा कधी गोंधळ होणार नाही. ते तुमची कमांड पाहुण्या, म्हणजे व्हर्च्युअल, मशीनच्या टर्मिनलवर अक्षर अक्षर टाइप करतं, माणसासारखं, आणि तिच्या मागे आणखी एक तुकडा जोडतं जो कमांडचा एक्झिट कोड सिरियल पोर्टवर पाठवतो, मग इकडे बसून त्या पोर्टवर खूण येण्याची वाट बघतं, ९० सेकंद. शून्य आला तर पास. म्हणजे पाहुण्यात सिरियल पोर्ट हवा आणि लॉगिन केलेल्या युजरला त्यावर लिहायची परवानगी हवी. आमच्या इमेजमध्ये ऑपरेटर युजरला ती नव्हती, तर प्रत्येक कमांड टाइमआउट होऊन पडायची, आणि व्हिडिओ बघितला तर स्क्रीनवर कमांड मस्त चाललेली दिसायची. व्हिडिओ म्हणजे हे प्रत्येक जॉबचा व्हिडिओ ठेवतं, मूळ प्रोग्रामचं नावच आयसोटोव्हिडिओ, आणि ही सोय एवढी कामाची आहे की गिऱ्हाइकाला मी आता पीडीएफ रिपोर्टऐवजी व्हिडिओच दाखवतो.

दुसरा घोळ बाइट्सचा. आम्ही जॉबला भाषा म्हणून एक व्हेरिएबल देतो, एमआर, केओके किंवा ईएन, म्हणजे मराठी, कोकणी किंवा इंग्रजी. मॉड्यूलमध्ये गेट_व्हार करून इफ एमआर तर हे, नाहीतर इंग्रजी. टेस्ट पास होत होती. पण नंतर कुणीतरी व्हिडिओ बघितला, तर मराठीच्या जॉबमध्येही टेस्ट इंग्रजीचंच बटण दाबतेय. कारण असं की आमच्या सेटअपवर पर्लकडून आलेली साधी इंग्रजी अक्षरांची स्ट्रिंग पायथॉन ३ मध्ये स्ट्रिंग म्हणून येत नाही, बाइट्स म्हणून येते, प्रिंट केली तर पुढे एक बी आणि मग अवतरणचिन्हं. आणि पायथॉन ३ मध्ये बाइट्स आणि स्ट्रिंग यांची तुलना केली तर एरर येत नाही, गपचूप फॉल्स येतं. पर्लच्या स्ट्रिंगवर आत एक यूटीएफ-८ चा झेंडा असतो, झेंडा लागलेला असेल तर स्ट्रिंग, नसेल तर बाइट्स, म्हणजे गंमत बघा, देवनागरी मजकूर आला की तो धड येतो आणि साधं एमआर मात्र बाइट्स होऊन येतं. मराठी माणसाला पहिल्यांदाच कुठल्या एन्कोडिंगने झुकतं माप दिलं! उपाय सोपा, चार ओळींचं फंक्शन, बाइट्स असेल तर डीकोड कर नाहीतर आहे तसं दे, आणि गेट_व्हार, स्क्रिप्ट_आउटपुट सगळं त्यातून गाळून घ्यायचं. चार ओळी लिहायला दोन मिनिटं, त्या लिहायच्या आहेत हे कळायला दोन दिवस.

हे दोन्ही घोळ एकाच जातीचे आहेत बघा. लाल झालेली टेस्ट त्रास देते पण खोटं बोलत नाही. मुंडकाराच्या घरातल्या चुका हिरव्या रंगात येतात. त्यामुळे आता आमचा नियमच आहे, नवीन पायथॉन मॉड्यूल आलं की आधी मुद्दाम काहीतरी मोडून ते लाल करून दाखवायचं, मगच मर्ज.

बाकी बारीकसारीक. पर्लमधल्या उदाहरणात टाइमआउट नावासकट दिलेला असतो, बाणासारखी खूण काढून, आम्ही पायथॉनमधून सरळ दुसऱ्या जागी आकडा देतो, किंवा नाव आणि आकडा अशी स्वल्पविराम घालून रांग लावतो, कारण पर्लला पोचेपर्यंत शेवटी ती एक सपाट यादीच असते. लिस्ट मात्र झकास जाते, असर्ट_स्क्रीनला दोन टॅगची पायथॉन लिस्ट द्यायची आणि नंतर मॅच_हॅज_टॅगने विचारायचं की यातलं कोण दिसलं, अपडेटची खिडकी कधी येते कधी नाही अशा ठिकाणी हेच वापरा. चेक_स्क्रीन वापरायचा मोह होतो पण वस्तू नसली तर तो दिलेला सगळा वेळ थांबून मग नाही म्हणतो, असे दहा ठेवले की रन दुप्पट लांबतो. प्रिंट केलेलं वेबवर दिसत नाही, लॉगमध्ये जातं, वर दिसायला हवं असेल तर रेकॉर्ड_इन्फो. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट विसरा, इनलाइन पायथॉन ज्या पायथॉनवर बांधलं गेलं त्याच्याशीच ते जोडलेलं असतं, वर्करवर डिस्ट्रो अपग्रेड करून पायथॉनचं व्हर्जन बदललंत तर ते पुन्हा बांधावं लागतं. आणि पायटेस्टची सवय असलेल्यांनी फिक्स्चर बिक्स्चर शोधू नये, ते इथे नाही, क्रम मेन डॉट पीएममध्ये लिहाल तोच, आणि आमचं मेन डॉट पीएम पर्लमध्येच आहे, पंचवीस ओळी, त्यातल्या वीस मी कुठून तरी बघून लिहिल्यात. एरर आली की लॉगमध्ये आधी पर्लचं रडगाणं आणि त्यात कुठेतरी पायथॉनची ओळ, ती हुडकायला सुरुवातीला वेळ जातो, मग नजर बसते.

आता चांगलं सांगतो, कारण नुसती रड वाटेल. पायथॉनचा खरा फायदा आम्हाला जिथे वाटलाच नव्हता तिथे झाला. आमच्या ॲपमध्ये पिशवीवर टीप लिहायची सोय आहे, देवनागरीत. टाइप_स्ट्रिंग कळा दाबतं, त्यामुळे आम्ही पाहुण्या मशीनवर इन्स्क्रिप्ट कीबोर्ड लावला आणि इकडून इंग्रजी कळा पाठवल्या. म्हणजे वजन लिहायचं तर बी, पी, व्ही. काजू लिहायचं तर के, ई, पी, टी, म्हणजे चक्क इंग्रजीतला केप्ट! हे पहिल्यांदा जमलं तेव्हा ऑफिसात दहा मिनिटं नुसतं हसणं चाललं होतं. मग ज्युनिअरने एक डिक्शनरी केली, प्रत्येक देवनागरी अक्षर आणि मात्रेला तिची कळ, आणि एक फंक्शन, त्याला देवनागरी शब्द द्यायचा की ते कळांची ओळ करून टाइप_स्ट्रिंगला देतं. काना, मात्रा, हलंत सगळं वेगवेगळं अक्षर म्हणून पायथॉनच्या स्ट्रिंगमध्ये ओळीने मिळतं, फॉर लूप लावला की संपलं. पर्लमध्येही होईल की, नक्की होईल, पण आमच्याकडून झालं नसतं. आता टेस्टमध्ये टीप_लिही काजू, ओलावा जास्त असं वाचता येण्यासारखं लिहिलेलं असतं आणि गिऱ्हाइकाच्या सुपरवायझरलाही दाखवलं तर कळतं.

आणि नीडलने पकडलेला एक बग सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका बिल्डमध्ये आम्ही इमेज लहान करायला नको असलेली पॅकेजं काढली, त्यात देवनागरीचा फॉन्ट गेला, दुसरा कुठलातरी उरलेला फॉन्ट लागला. युनिट टेस्ट सगळ्या पास, का नाही होणार, स्ट्रिंग तर तीच आहे. रात्री ओपनक्यूए मात्र मराठीच्या स्क्रीनवर लाल. उघडून बघितलं, डावीकडे हवं ते चित्र, उजवीकडे आलेलं, मध्ये एक पट्टी सरकवून ताडायची सोय आहे, पट्टी सरकवली तर शून्य करा या बटणावरचा दीर्घ ऊकार आपल्या अक्षराखाली न बसता ठिपक्यांच्या गोलावर एकटा लोंबकळत होता. हाताने तपासताना आमच्यापैकी कुणी हे पकडलं असतं? शुक्रवारी चार वाजता? मुळीच नाही.

नीडलमध्ये आम्ही एक घोडचूक केली तीही सांगतो. ग्रेडची बटणं मोठी, पांढरी, मध्ये छोटे आकडे. मी नीडलचा चौकोन सगळ्या बटणाभोवती काढला. आता डब्ल्यू-२४० आणि डब्ल्यू-३२० मध्ये फरक किती, दोन आकड्यांचा, बाकी सगळा पांढरा भाग सारखाच, त्यामुळे ९६ टक्क्यांच्या वर जुळून टेस्ट २४० च्या जागी ३२० दाबून मोकळी. कारखान्यात हे झालं असतं तर महाग माल स्वस्त ग्रेडच्या लेबलखाली गेला असता. चौकोन फक्त आकड्यांभोवती घट्ट काढला आणि प्रश्न मिटला. चौकोन लहान ठेवा, याहून मोठा सल्ला माझ्याकडे नाही. नीडल वेबमधल्याच एडिटरवर बनवता येते, माउसने चौकोन ओढायचा, टॅग द्यायचा, सेव्ह. यात कुठलीच भाषा लागत नाही, आमचा अकाउंट्सवाला मुलगाही बनवतो.

स्नॅपशॉटही आवडले. एका मॉड्यूलला माइलस्टोन असा फ्लॅग दिला की ते पास झाल्यावर व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट घेतला जातो, आणि पुढचं मॉड्यूल पडलं की तिथे परत जाऊन त्यापुढचं चालू होतं. सात ग्रेडच्या सात टेस्ट, एकीने घाण केली तरी दुसरी स्वच्छ पाटीवर. आम्ही ऑलवेज_रोलबॅक पण लावतो म्हणजे पास झाली तरी मागे जा.

बसवण्याबद्दल थोडं. एकाच कंटेनरात सगळं असलेली तयार इमेज ओपनसुसेच्या रजिस्ट्रीवर मिळते, पॉडमॅन या कंटेनर चालवणाऱ्या हत्याराने चालवायची, डेव्ह केव्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला वेग देणारी लिनक्सची सोय, आत द्यायला विसरू नका, केव्हीएमशिवाय चालतं पण मग बूट व्हायला लागेपर्यंत तुम्ही म्हापशाला जाऊन बाजार करून याल. आम्ही चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुट्टीनंतर सुरू केलं, दोन दिवसांत पहिली टेस्ट चालली. परतीच्या पावसात, त्या विजांच्या दिवसांत, रोज संध्याकाळी वीज जायची आणि इन्व्हर्टर वर्करला पुरायचा नाही, सकाळी येऊन बघावं तर अर्धे जॉब इन्कम्प्लीट. इन्कम्प्लीट आणि फेल वेगळे दाखवतं हे बरं, नाहीतर आम्ही वीजखात्याचे बग आमच्या कोडमध्ये शोधत बसलो असतो. आता यूपीएस घेतलाय, रन रात्री अकराला लावतो, सकाळी पोदेराचा हॉर्न वाजेपर्यंत निकाल तयार असतो आणि मी पाव घ्यायला बाहेर जाताना फोनवर रंग बघून घेतो.

मग घ्यावं का? तुमच्याकडे स्वतःची इमेज असेल, किऑस्क, पॅनल, बिलिंग मशीन असं काही, आणि ते स्क्रीनवर कसं दिसतं याला महत्त्व असेल, तर घ्या, डोळे मिटून. नुसती वेबसाइट तपासायची असेल तर यात पडू नका, ब्राउझर चालवणारी सोपी हत्यारं आहेत. आणि पायथॉन आहे म्हणून पर्ल टळेल या आशेवर असाल तर सावध. टेस्ट लिहिताना टळतं. काही बिघडलं की टळत नाही, टेस्टएपीआयचं एखादं फंक्शन नक्की काय करतं ते बघायचं तर फाइल पर्लचीच उघडावी लागते. आमच्या ज्युनिअरचंच सांगतो, डिसेंबरपर्यंत ती पर्लच्या नावाने नाक मुरडायची, जानेवारीत एरर शोधता शोधता ओएस-ऑटोइन्स्टचा अर्धा कोड तिने वाचून काढला, आणि परवा तिने पाठवलेलं नवीन मॉड्यूल बघतो तर डॉट पीएम. विचारलं तर म्हणते, सर, बाइट्सची कटकट नाही ना यात. मी काय बोलणार. देवनागरी टाइप करायचं फंक्शन तेवढं पायथॉनमध्ये ठेवलंय, ते काढायला ती तयार नाही आणि मीही.

मार्क म्हणाल तर ओपनक्यूएला साडेचार, त्यातल्या पायथॉनच्या सोयीला साडेतीन, अर्धा त्या हिरव्या खोट्या टेस्टसाठी कापला, एक बाइट्ससाठी. अर्धा खरं तर माझ्यामुळेच गेला पण रिव्ह्यू मी लिहितोय.

हां, आणि डिस्क मोठी घ्या. प्रत्येक जॉबचे स्क्रीनशॉट, व्हिडिओ, वर बिल्डच्या इमेजा, आमची २५६ जीबी दीड महिन्यात भरली आणि ज्या दिवशी भरली त्या दिवशी सगळे जॉब विचित्र कारणं देऊन पडले. जुने जॉब किती दिवस ठेवायचे ते जॉब ग्रुपच्या सेटिंगमध्ये आहे, पहिल्याच दिवशी कमी करून ठेवा. आता काजूचा सीझन सुरू झालाय, गिऱ्हाइकाला मे संपेपर्यंत दर पंधरा दिवसांनी बिल्ड हवाय, आम्ही एक टीबीची एसएसडी मागवली आहे, ती अजून कुरियरवाल्याकडेच पडून आहे.